चाचांची आरएक्स

आमच्या घरामागे तीस वर्षे एक गाडी झाकून ठेवलेली होती. यामाहा आरएक्स १००. तिच्यावर ताडपत्री असे आणि दर वर्षी मृगाच्या आधी अब्बा त्या ताडपत्रीची दोरी बदलत. गाडी पुसत नसत, चालू करून बघत नसत, कोणाला हातही लावू देत नसत. भंगारवाला दारात आला की आमच्या आधी तेच बाहेर येऊन त्याला वाटेला लावत. आणि तरीही ताडपत्रीखाली काय आहे याचा उल्लेख त्यांच्या तोंडून कधी यायचा नाही.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. हे लिहिणारा थोरला, उर्दू शाळेत शिकवतो. धाकट्याचे गावात मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. लिहिताना 'आम्ही' लिहावे लागते, कारण या कामात कोणाचा हात कुठे लागला हे आता वेगळे काढता येणार नाही. शिवाय घरात आम्हाला हाक मारतानाही अब्बा दोघांची नावे जोडूनच घेतात.

गाडी आमच्या चाचांची. ते उमरग्याला हायवेवर एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाला होते. पुणे–हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांचे वायरिंग, हॉर्न, दिवे ही त्यांची कामे. १९९३ च्या सुरुवातीला त्यांनी एका ठेकेदाराकडून दोन वर्षे वापरलेली ही गाडी सोळा हजारांना घेतली. आमच्या गावात तेव्हा दूधवाल्यांच्या राजदूत होत्या, एक-दोन गुरुजींच्या लुना होत्या. आरएक्स म्हणजे वेगळाच प्रकार. इंजिन अवघे ९८ सीसीचे, पण अकरा हॉर्सपॉवरचे, आणि गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास. राजदूत बैलासारखी चाले, ही हरणासारखी उडे. १९८५ च्या अखेरीस ती भारतात आली, एस्कॉर्ट्स कंपनी ती बनवी. १९९६ साली धुराचे नियम कडक झाले आणि ती बंद पडली. मोठ्या शहरांत ज्या वयाची पोरे स्पोर्ट्स कारची चित्रे भिंतीवर चिकटवत, त्या वयाच्या आमच्याकडच्या पोरांची स्पोर्ट्स कार हीच होती.

चाचा ट्रकवाल्यांत वावरलेले. त्यांनी गाडी घेतल्या घेतल्या सजवली. टाकीखाली ट्रकला असतो तसा निळा दिवा, मागच्या मडगार्डवर लाल-पिवळे रेडियम, हेडलाइटवर पितळी ७८६. सायलेन्सरच्या आतली नळी काढून टाकली होती, त्यामुळे त्यांचा आवाज वेशीवरून घरी येई आणि दादी तव्यावर भाकरी टाके. थोरल्याला एवढे आठवते की टाकीवर बसवून ते एक चक्कर मारत. गरम ऑइलचा वास, आणि पोटाला धरलेला त्यांचा डावा हात. धाकटा तेव्हा एक वर्षाचा, त्याला काहीच आठवत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जे झाले ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्याला किल्लारीचा भूकंप म्हणतात. सास्तूरचे नाव त्या मथळ्यात येत नाही, बातमीत येते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. आमच्याकडची घरे दगड-मातीची, दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंड म्हणून आम्ही त्यांचे कौतुक करायचो. ती घरे जिथल्या तिथे खाली बसली. आमच्या घरात मागच्या खोलीवर पत्रे होते, तिथे झोपलेले आम्ही चौघे वाचलो. माजघरात दादी होती आणि ढाळजेत चाचा.

गाडीही ढाळजेतच होती. महिनाभराने मलबा उपसताना सापडली. तुळई आडवी पडल्याने चेपून गेली नव्हती, हँडल वाकले होते आणि टाकीच्या उजव्या बाजूला एका दगडाने नारळाएवढा पोचा पाडला होता. ती आधी पत्र्याच्या शेडमध्ये आमच्याबरोबर राहिली. नंतर नवे गाव वसले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या लोकांना २५० चौरस फुटांचे घर, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्यापुढे ७५०. अब्बा शिंपी, आमचे घर अर्थातच २५० चे. त्या घरात आम्हा चौघांना पाय पसरायला जागा नव्हती, पण मागे गाडीला होती.

२०२४ च्या मे महिन्यात मागे न्हाणीघर बांधायचे निघाले. गवंडी म्हणाला, ही गाडी हलवा. आम्ही अब्बांच्या तोंडाकडे पाहिले. ते मशीनवर होते. पाय न थांबवता म्हणाले, "हटाना है तो हटाव. फेकना नक्को."

एवढ्याच परवानगीवर आम्ही गाडी समोरच्या लिंबाखाली आणली.

धाकट्याला मोबाईलवर व्हिडिओ बघायचा नाद. विलायतेत लोक जुन्या स्पोर्ट्स कार आपापल्या गॅरेजात उघडून बसतात, सुट्टीच्या दिवशी एकेक भाग घासून पुन्हा लावतात, हे त्याने थोरल्याला दाखवले. आपल्याकडे गोव्यात १९९८ च्या सुमाराला सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' नावाची दोनच माणसे बसणारी उघडी स्पोर्ट्स कार काढली होती, तिचीही माहिती त्याने शोधली. फायबरचे अंग, रेनॉचे इंजिन. फार खपली नाही, पण ज्यांच्याकडे आहे ते जपतात म्हणे. आम्ही दोघे लिंबाखाली बसून हे बघत होतो आणि समोर आमची कार दोन चाकांवर उभी होती. दोन्ही टायर सपाट, स्पोक गंजलेले, सीटमध्ये उंदरांनी संसार केलेला.

पहिल्याच किकला कळले की इंजिन जाम आहे. किक खालीच जाईना. हिसका मारला असता तर आतले गिअर तुटले असते. प्लग काढून त्या भोकातून आम्ही डिझेल आणि ऑइल ओतले आणि आठ दिवस तसेच ठेवले. रोज संध्याकाळी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने केसभर पुढे, केसभर मागे. नवव्या दिवशी चाक एक इंच सरकले. तेव्हा धाकट्याने जी आरोळी मारली ती ऐकून शेजारच्या काकू पदर खोचत बाहेर आल्या. त्यांना वाटले साप निघाला.

हेड उघडले, ब्लॉक ओढून काढला. आत गंजाची कडी पडली होती. उमरग्याच्या लेथवर बोअर मारून घेतले. मूळ बोअर ५० मिलिमीटरचे, ते अर्ध्या मिलिमीटरने वाढवून त्याच मापाचा ओव्हरसाइज पिस्टन टाकला. लेथवाल्याने एक गोष्ट सांगितली ती थोरल्याने शाळा उघडल्यावर सातवीच्या वर्गात वापरली. पिस्टन आणि बोअर यांच्यात फट किती ठेवायची? एका मिलिमीटरचे शंभर भाग करायचे आणि त्यातले तीन-चार घ्यायचे. कमी ठेवली तर गरम झाल्यावर पिस्टन अडकतो, जास्त ठेवली तर खडखडतो आणि दम जातो. दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या घराला वर्षानुवर्षे 'यह तो छोटी चीज है' म्हणून सोडून देणारी मुले त्या दिवशी गप्प बसून ऐकत होती. बी.एड.ला आम्हाला शैक्षणिक साधने कशी करावी यावर एक पेपर होता. त्यात पिस्टन नव्हता.

क्रँकचे दोन्ही ऑइल सील दगडासारखे कडक झालेले, ते बदलले. टू-स्ट्रोकमध्ये हे सील गेले तर गाडी एक तर हवा ओढते, नाहीतर गिअरचे ऑइल पिऊन पांढरा धूर ओकते. लोक मात्र कार्बोरेटरला दोष देत बसतात. कार्बोरेटर धाकट्याने केला. मोबाईलचे बारीक स्क्रू हाताळणाऱ्या माणसाला तो खेळच. आत जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. जेटची भोके त्याने वायरीतल्या तांब्याच्या एका तारेने मोकळी केली. सुईने केली असती तर भोक मोठे झाले असते. पॉइंट घासून त्यांची फट पोस्टकार्डाच्या जाडीवर लावली. पोस्टकार्ड मात्र शोधावे लागले, हल्ली घरात सापडते कुठे? अम्मीच्या जुन्या पेटीत मामूंचे एक निघाले, कोपरा फाटलेले, त्यावरच माप घेतले. रबरी नळ्या सगळ्या नव्या, कारण आता पंपावर येणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुने रबर खाते, टाकीत पाणीही धरते. इथेनॉल उसापासून होते आणि ऊस आमच्याच शिवारात उभा असतो. तक्रार कोणाकडे करायची?

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत गाडी सुरू झाली. ऑइल पंपावर भरवसा नव्हता म्हणून लिटरला चाळीस मिली ऑइल पेट्रोलमध्येच मिसळले होते. एकविसाव्या की बाविसाव्या किकला ती खोकली, आणि मग एकदम बोलू लागली. निळा धूर लिंबात भरला. सायलेन्सरला नळी नव्हतीच. तो आवाज गल्लीभर गेला आणि आतल्या मशीनचा आवाज थांबला.

आम्ही वाट पाहिली. अब्बा बाहेर आले नाहीत. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झाले. त्या रात्री ते जेवले नाहीत, ॲसिडिटी झाली म्हणाले. अम्मीने आम्हाला एवढेच सांगितले, "उसमें नळी डाल दो पहले." दुसऱ्या दिवशी धाकट्याने सोलापूरहून नळी मागवली.

आता उरला होता रंग. आणि इथे आमच्या दोघांत पहिल्यांदा वाजले.

धाकट्याला गाडी नवी करायची होती. पोचा ठोकून काढायचा, लांबी भरायची, काळा रंग, वर चकाकी, मडगार्डला नवा क्रोम, जमले तर एलईडीचा दिवा. थोरल्याचे म्हणणे, बाकी काही कर, टाकीचा पोचा तसाच राहू दे. ती चाचांची आठवण आहे, भूकंपाची निशाणी आहे. त्यावर रंग चढवला तर ती कोणाचीही गाडी होईल. थोरला यावर बरेच बोलला. मास्तरांना बोलायची सवय असते. धाकटा म्हणाला, "मला चाचा आठवतच नाहीत, मला तो खड्डाच चाचा म्हणून दाखवताय का तुम्ही?" आठ दिवस आम्ही एकमेकांशी पाना दे, पक्कड दे एवढेच बोललो.

मध्येच एक गिऱ्हाईक आले. जुन्या आरएक्स गोळा करणारा माणूस, मोठ्या शहरातला. चांगल्या गाड्यांची बोली आता लाखाच्या पुढे जाते. त्याने टाकीवरून हात फिरवला, हकीकत ऐकली आणि म्हणाला, हा डेंट काढू नका सर, भूकंपातली गाडी म्हटले की किंमत वाढेल. तो वाईट माणूस नव्हता. चहा घेतला, बिस्किटे नको म्हणाला, फोटो काढले. पण तो गेल्यावर थोरल्याला आपलेच आठ दिवसांचे भाषण कानात वाजू लागले. आपण जे बोलत होतो आणि हा जे बोलला त्यात फरक आहे हे त्याला माहीत होते. नेमका किती, ते मात्र सांगता येईना.

त्याच संध्याकाळी अब्बा लिंबाखाली आले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मगरिब पढून आले होते, टोपी डोक्यावर तशीच. टाकी बाकावर काढून ठेवलेली. त्यांनी पोच्यात तळवा ठेवला. तळवा बरोबर बसला.

"ये कायकू रखते?"

थोरल्याने सांगायला सुरुवात केली, चाचांची याद, वगैरे.

"तुमना याद होना सो तुम रखते," अब्बा म्हणाले, "मेरे कू याद है. मेरे कू ये नक्को."

मग बाकावर बसून त्यांनी जे सांगितले ते एकतीस वर्षांत त्यांनी अम्मीलाही पूर्ण सांगितले नव्हते, असे अम्मी नंतर म्हणाली. त्या रात्री चाचा विसर्जनाच्या ट्रॅक्टरवर लाइटिंगचे काम करून बाराच्या पुढे आले. मंडळातली पोरे शाळेच्या मैदानात झोपणार होती, चाचांनाही तिकडेच जायचे होते. चादर काखेत मारून निघालेही होते. अब्बांनी दार उघडले आणि ओरडले. सोळा हजारांची गाडी, अजून उसने फिटले नाहीत, आणि तू ती ढाळजेत एकटी सोडून मैदानात झोपणार? चोर बघतच असतात. गाडीपाशी झोप. चाचा हसले, बरं म्हणाले, आणि गाडीला टेकून चादर अंथरली.

मैदानात झोपलेली पोरे वाचली. त्यांतले दोघे आजही आमच्या दुकानात मोबाईल रिचार्ज करायला येतात, चाळिशी उलटून गेलेले, आणि अब्बा दुकानात असले की त्यांच्याशी नीट बोलतात. बोलताना त्यांच्या केसांकडे बघतात हे आम्ही पाहिले होते. त्याचा अर्थ आम्हाला त्या संध्याकाळी कळला. चाचांचे केस आता असेच पिकले असते.

आम्हाला वाटायचे, अब्बा गाडी जपतात. ते ती फेकू शकत नव्हते आणि बघूही शकत नव्हते, म्हणून झाकत होते. दर वर्षी दोरी नवी, गाठ घट्ट. आम्ही मात्र तो पोचा चांगल्या रंगात, सूर्यप्रकाशात, अंगणात उभा करायला निघालो होतो. थोरला त्या रात्री बराच वेळ जागा होता. वर्गात तो मुलांना सांगतो की प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा.

सकाळी धाकट्याने टाकी पुढ्यात घेतली, पण ठोकायला थोरला बसला. तोंडाच्या भोकातून आत वाकवलेली सळई घालून पोचा हळूहळू वर आणायचा. एकाच जागी जोर दिला की पत्रा फाटतो. कडेकडेने गोल फिरत मध्याकडे यायचे. तीन दिवस लागले. पूर्ण निघत नाहीच, शेवटचे दोन-तीन सूत लांबीने भरावे लागते. आतला गंज काढायला मूठभर नट, खडी आणि डिझेल घालून टाकी दोघांनी आळीपाळीने हलवली. मग दोन दिवस व्हिनेगर, मग सोड्याचे पाणी, मग उन्हात वाळवून आतून ऑइल फिरवले. व्हिनेगरच्या पाच बाटल्या एकदम घेताना दुकानदाराने विचारले, घरात लोणच्याचे मोठे काम काढलेत का?

रंग आम्ही २०२५ च्या एप्रिलमध्ये दिला. बंद खोली नाही, भाड्याचा कॉम्प्रेसर, आणि आमच्या गावचा वारा. पहाटे फजरनंतर अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवायची, सहाच्या आत एक हात मारून मोकळे व्हायचे, सात वाजता वारा सुटतो. लांबीवर २२० चा कागद, प्रायमरवर ४००, मग ८०० चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून. पहिल्या हाताला रंग ओघळला, सगळा घासून पुन्हा दिला. दुसऱ्या हाताला लिंबावरून एक मुंगळा पडला. तो अजून चकाकीखाली आहे, मागच्या बाजूला, दाखवला तरच दिसतो. क्रोमला बाहेर पाठवायचे पैसे नव्हते. मडगार्ड ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात भिजवून घासले, जे निघाले ते निघाले. एलईडीचा विषय धाकट्याने स्वतःच सोडला. निळा दिवा मात्र त्याने जुन्याच होल्डरमध्ये नवा बल्ब घालून पेटवला, आणि पितळी ७८६ चिंचेच्या कोळाने उजळला.

सीट राहिली होती. सांगाडा आणि फोम आम्ही केला, कव्हर उमरग्यात शिवून आणायचे ठरले. एका सकाळी बघतो तर मशीनवर काळे रेक्झिन. अब्बांनी कोणाला न विचारता जुन्या कव्हराच्या चिंध्या जोडून माप काढले होते. त्यांच्या मशीनला रेक्झिन जड जाते. दोन सुया मोडल्या, तिसरी जाड सुई मागवली. कडेला पांढरी पायपिन लावली. कंपनीच्या सीटला तशी आम्ही पाहिलेली नाही. आम्ही तसे म्हणालो. ते म्हणाले, "उसकू होना थी. बोल्या था, भाई, सफेद पायपिन लगाके दे. मैं बोल्या, फुरसत नै."

कागदांचे अजून चालू आहे. गाडी एमएच २५, चाचांच्या नावावर, आणि नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली. आरसी बुक दादीच्या लोखंडी पेटीत होते म्हणून वाचले. वारसाने नावावर करून घ्यायचा अर्ज नमुना ३१, मुदतवाढीचा नमुना २५. एका खिडकीवर विचारले, मयत इसम स्वतः का आले नाहीत? विचारणाऱ्याच्या लक्षात आले तेव्हा तोच ओशाळला. तोपर्यंत गाडी डांबरी रस्त्यावर न्यायची नाही असे आम्ही ठरवले आहे.

म्हणून पहिली फेरी शेताच्या वाटेने झाली, जुन्या गावाकडे. थोरला पुढे, अब्बा मागे. धाकटा सायकलवर. नव्या पिस्टनला दमाने घ्यायचे असते, त्यामुळे सायकल आमच्या पुढे होती. अब्बांनी दोन्ही हातांनी थोरल्याचे खांदे धरले होते आणि प्रत्येक खड्ड्याला "आहिस्ता" म्हणत होते. जुन्या गावात आता बाभळी आहेत, अधूनमधून चौथऱ्याचे दगड. आमची ढाळज कुठे होती ते त्यांनी बोटाने दाखवले नाही, पण तिथेच गाडी थांबवायला लावली.

उतरले. फातेहा पढली. मग गाडीभोवती एक चक्कर मारली, उजव्या बाजूने टाकीवर हात फिरवला, आणि सीटपाशी वाकून बघू लागले. मागच्या कोपऱ्यात पायपिनची चार-पाच टाके शिवण उसवली होती.

"घर चलो," ते म्हणाले, "ये निकालके दो मेरे कू. धागा कच्चा था."